शेवटचं प्रूफ

सुपडू म्हणाला, सगळ्याचे सहाशे.
मॉनिटर, डबडं, कीबोर्ड
आणि तो गोळीवाला माऊस धरून.
मी म्हटलं, बघते.
त्याने वजनकाटा भिंतीला टेकवला.
माझं 'बघते' किती लांबतं
त्याला ठाऊक आहे.

जळगावात, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात
दहा बाय आठचं माझं दुकान.
लग्नपत्रिका, गंधमुक्ती, प्रतिज्ञापत्र.
एकोणीस वर्षं हे यंत्र
मेच्या सेहेचाळीस डिग्रीत
माझ्याआधी वारा खायचं.
कूलरचं तोंड त्याच्याकडे,
माझ्याकडे पाठ.

पोटात काय काय आहे त्याच्या.
नारखेड्यांच्या तिन्ही पोरी, तिन्ही मुहूर्त.
एक गोरज मुहूर्त, छापून वाटून झाल्यावर
ज्याचा नवरदेव सुरतेला निघून गेला.
'भोळे लग्न' नावाची फाइल,
आणि तिच्या लगेच खाली, दीड वर्षाने,
'भोळे गंधमुक्ती'.
नाव तयारच होतं. चि. चं कै. केलं.
एका अक्षराचं काम,
पैसेही अर्धेच घेतले.
त्या रात्री घरी भांडी दोनदा घासली.

शिवाय गावभरचे अंगठे.
रेशनकार्डं, सातबारे, आधारचे फोटो,
ज्यांत कुणीच स्वतःसारखं दिसत नाही.

भाच्याने सगळं नव्या मशीनवर चढवून पाहिलं.
जुना फॉन्ट तिथे चालेना.
नारखेड्यांच्या पोरी उघडल्या
तर नुसत्या टाचण्या, आकडे, उलटे स्वल्पविराम.
'पुसून टाक,' मी म्हटलं.
तो म्हणाला, मावशी, पुसलेलं पण वर काढता येतं.
मला त्यात नवल वाटलं नाही.
पुसलेलं वर काढण्यात
आमचं अख्खं घराणं पटाईत.

गेंदाबाई झारेकरीण माझ्या पायरीवर
दुपारची सावलीला बसते.
सराफांच्या दारातली धूळ झाडून नेते,
धुते, गाळते, त्यावर जगते.
उघड्या डब्यातली हिरवी पाटी तिने उचलली,
कडेची पिवळी पट्टी नखाने घासली.
'सोनंच शे.'
वांग्याचा भाव सांगावा तसं म्हणाली.
मग सुपडूच्या काट्याकडे पाहिलं.
त्याची पोरं या पाट्या कुठे उकळतात,
कोणत्या तेजाबात, तिला माहीत होतं.
तिचा नवरा शेवटची चार वर्षं
बसूनच झोपला, उशी छातीशी धरून.
'ह्या सोनाना मांगे लागू नको, माय.'

हार्ड डिस्क घेऊन अकील ग्रिलवाल्याकडे गेले.
त्याने ती शिकंज्यात धरली, ड्रिल लावलं.
'कुठं मारू?'
'जिथे नावं असतील तिथे.'
'ताई, मग तर सगळीकडेच.'
तीन भोकं पाडली त्याने.
तिसऱ्या वेळी वास आला,
तापलेल्या इस्त्रीचा येतो तसा.

गेंदाबाई मागोमाग आलीच होती.
खाली पडलेला चकचकीत कीस
सवयीने कुंच्याने सुपलीत ओढला,
उन्हात धरला, फुंकर मारली,
पुन्हा पाहिलं.
'यामा काहीच नई.'
आणि सुपली झटकली.

सुपडूला पत्र्याचा रिकामा डबा दिला.
चाळीस रुपये. काटा उचलताना
तो माझ्याशी बोलला नाही.
जुना जाडा मॉनिटर मांडीवर घेऊन
रिक्षाने एमआयडीसीतल्या शेडवर गेले,
जिथे असलं सामान खोलून नीट ठिकाणी लावतात.
पायाशी पिशवीत पाट्या, वायरी,
भोकं पडलेली नावं.
काच फुटली तर आतलं विष बाहेर येतं, भाचा बोलला होता,
म्हणून अजिंठा चौफुलीच्या खड्ड्यांत
मी त्याला पोटाशी धरलं होतं.
रिक्षावाला आरशातून बघत राहिला.

शेडवरच्या पोराने पावती फाडली.
संगणक, नग एक, बंद.
देणाऱ्याचं नाव: कुमूद बेंडाळे.
मी वाचली, उभ्या उभ्या,
आणि त्याच्याकडे पेन मागितलं.
'मु' ऱ्हस्व.